टेमघरच्या विहारातलं फुकटचं ऑफिस

“पाटीलभाई, अपने को ओरिजिनल डालना. वो फोकटवाला नहीं चाहिए.”

कॉम्प्युटर जुळवायचे, विकायचे आणि बिघडले की दुरुस्त करायचे, हाच माझा भिवंडीतला धंदा. दुकान बंद केलं त्याला आता बराच काळ लोटला, पण हे वाक्य अजून कानात आहे. लूमचे, म्हणजे कापडाच्या मागांचे शेठ, ट्रान्सपोर्टवाले, गोदामांचे मॅनेजर, वकील, सगळ्यांची मागणी एकच. ओरिजिनल. आणि ओरिजिनल म्हणजे काय, तर माझ्या शर्टाच्या खिशातली, मार्करनं नाव लिहिलेली, कुणाच्या तरी सीडीवरून उतरवलेली सीडी.

ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. कॉम्प्युटर घेतला की त्यात पत्र लिहायला आणि हिशेबाचे तक्ते करायला एक सॉफ्टवेअर लागतं. त्याला सगळे नुसतं ‘ऑफिस’ म्हणतात. एक ऑफिस परदेशी कंपनीचं, विकतचं. ते खोक्यात येतं आणि खोक्यावर आकड्या-अक्षरांची एक लांबलचक किल्ली छापलेली असते. ती टाकल्याशिवाय ते चालू होत नाही. तो खोका मी उभ्या आयुष्यात एकदाच पाहिला, तोही रिकामा. एका ट्रान्सपोर्टवाल्यानं त्यात वायरी भरून ठेवल्या होत्या. किल्ली मात्र मला आरतीसारखी पाठ होती. भिवंडीतल्या निम्म्या कॉम्प्युटरांना मी तीच एक किल्ली लावली असेल.

दुसरं ऑफिस फुकटचं. जगभरातल्या लोकांनी मिळून बनवलेलं आणि सगळ्यांना देऊन टाकलेलं. किल्ली नाही, कुलूप नाही. आतली घडण कशी आहे तेही उघडं, ज्याला कळतं त्यानं पाहावं, सुधारावं. कॉम्प्युटरच्या मासिकाबरोबर त्याची सीडी यायची आणि माझ्या ड्रॉवरमध्ये पडून राहायची.

दोन्हींत डावं-उजवं होतंच. फुकटवालं उघडायला फार वेळ लावायचं. जुन्या मशीनवर डबल क्लिक करून मी चहा सांगायचो, चहा आणि कोरं पान बहुधा बरोबरच यायचं. विकतवाल्यात केलेलं पत्र त्यात उघडलं की रकाने सरकायचे, लेटरहेडवरचा गणपती खाली येऊन पत्त्यावर बसायचा. पण नेहमीची पत्रं, तक्ते, बेरजा यांत ते कुठेच कमी नव्हतं. लोकांनी ते नाकारलं त्याचं कारण माझ्या मते वेगळंच होतं. विकायची वस्तू लबाडीनं मिळाली की माणसाला माल घरात आल्यासारखं वाटतं, आणि तीच कुणी आपणहून हातावर ठेवली की त्यात काहीतरी खोट असणार असं वाटतं. मी या स्वभावावर हसायचो आणि खिशातली सीडी काढून द्यायचो. पोट त्यावरच होतं.

एवढ्या गिऱ्हाइकांत एकाच माणसानं मला उलटं सांगितलं. ते कांबळे सर.

सर शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले. भिवंडीतल्याच टेमघरला राहायचे. उंच, सडपातळ, बोलणं मोजकं आणि पांढऱ्या शर्टाची वरची गुंडीही लावलेली. तो काळ लूम भंगारात जाण्याचा होता. ज्या गल्ल्यांतून बोललेलं ऐकू यायचं नाही, तिथं आता शांत वाटायला लागलं होतं. दुसरीकडे पूर्ण्याच्या बाजूला गोदामांवर गोदामं उठत होती. पूर्णा माझं गाव. आमच्या भातखाचरांवर उभ्या राहिलेल्या गोदामांत मीच कॉम्प्युटर बसवायला जायचो. आलेला ट्रक, गेलेला ट्रक, कोणता माल कुठल्या फळीवर, हे नोंदवायला तिथं ऑपरेटर लागायचे. सरांनी ते हेरलं. वस्तीतल्या मुलींना कॉम्प्युटर शिकवायचा म्हणून त्यांनी बुद्धविहाराच्या हॉलमध्ये वर्ग काढायचं ठरवलं आणि माझ्याकडून जुनी मशीनं घेतली.

मशीनं लावायला गेलो त्या दिवशी मी सवयीनं खिशातली सीडी काढली. सर शेजारी खुर्ची ओढून बसले होते.

“ही कुठून आणली?”

“असते आमच्याकडे.”

“कंपनीनं दिली?”

“कंपनी कशाला देईल, सर? सगळी भिवंडी अशीच चालते.”

सरांनी समोरच्या बुद्धमूर्तीकडे पाहिलं. आवाज न चढवता म्हणाले, “पाटील, रविवारी सकाळी याच जागी बसून आम्ही पंचशील म्हणतो. पाच गोष्टी करणार नाही असं स्वतःला सांगतो. त्यातलं दुसरं शील, जे दिलेलं नाही ते घेणार नाही. सकाळी ते म्हणायचं आणि दुपारी याच हॉलमध्ये मुलींना हे शिकवायचं? मला नाही जमणार.”

मला राग आला. उन्हातून मशीनं वाहून आणली होती. म्हटलं, “मग लावा कुलूप वर्गाला. विकतचं घ्यायची ऐपत ना तुमची, ना माझी.” मी तणतणत दुकानात आलो, ड्रॉवर उघडला आणि मासिकाबरोबर आलेली ती सीडी समोर दिसली.

परत गेलो. सरांनी सीडीसोबतचा मजकूर चष्मा लावून, बोट ठेवून वाचला. वापरा, दुसऱ्याला द्या, हव्या तेवढ्यांना द्या, असं त्यात लिहिलं होतं.

“म्हणजे हे दिलेलं आहे,” सर म्हणाले.

“दिलेलं आहे, सर.”

“मग घाला.”

टेमघरच्या विहारात फुकटचं ऑफिस चालू झालं ते असं. सर आधी स्वतः शिकले. नंतर मुलींना शिकवायला लागले, तेही गणिताच्या मास्तरानं शिकवावं तसं, आधी फळ्यावर आणि मग मशीनवर. प्रत्येक मुलीला त्यांनी सीडीची एकेक प्रत दिली. देताना म्हणायचे, “ही कुणालाही द्या. लपवायचं काही नाही.”

रविवारी सकाळी वंदना संपली की मी मशीनं बघायला जायचो. लवकर पोचलो तर मागे भिंतीला टेकून बसायचो. आम्ही आगरी, आमच्या घरचे देव वेगळे, पण तिथं बसायला मला बरं वाटायचं. सर पुढे बसून एकेक शील पालीत सांगायचे आणि सगळी वस्ती त्यांच्यामागून म्हणायची. त्यांचा आवाज पाढे म्हणून घेतल्यासारखा, खणखणीत. दुसऱ्या शीलाला ते ताठ व्हायचे असं मला वाटायचं.

वर्गातली सगळ्यांत हुशार मुलगी सुषमा. वडील लूमवर होते. मालकानं लूम भंगारात विकल्यापासून घरी बसून होते, आणि घर आता या पोरीकडे डोळे लावून होतं. एकदा ते मुद्दाम विहारात आले. दाराशीच उभे राहून म्हणाले, “सर, पोर हुशार हाय ते मना ठाव हाय. पन नोकरी लागंल का न्हाय, तवडं सांगा.”

“लागेल,” सर म्हणाले. सर असे शब्द सहजासहजी देत नसत.

पूर्ण्याच्या एका गोदामात ऑपरेटरची जागा निघाली. तिथल्या मशीनांची देखभाल माझ्याकडेच होती. मी मॅनेजरला सुषमाचं नाव सांगितलं. परीक्षेच्या दिवशी मी प्रिंटर उघडून तिथंच बसलो होतो, म्हणून हे सगळं माझ्या डोळ्यांदेखत घडलं.

मॅनेजरनं तिला मालाचा एक तक्ता करायला सांगितलं. मशीनवर विकतचं ऑफिस होतं, अगदी नवं, मीच आदल्या आठवड्यात खिशातल्या सीडीवरून घातलेलं. या नव्यात कंपनीनं वरचे ओळखीचे मेनूच काढून टाकले होते आणि जागोजागी चित्रांची बटणं मांडली होती. ‘फाइल’ हा शब्दसुद्धा नव्हता. त्याच्या जागी कोपऱ्यात एक गोल चिन्ह होतं. सुषमाचा बाण पडद्यावर फिरत राहिला. तरी तिनं तक्ता भरला, मग खाली सूत्र लिहिलं. फुकटवाल्यात सूत्रातल्या दोन गोष्टींच्या मध्ये अर्धविराम टाकावा लागायचा, विकतवाल्यात स्वल्पविराम. तिनं सरांनी शिकवल्याप्रमाणे अर्धविराम टाकला. मशीननं चूक दाखवली. तिनं खोडून पुन्हा तेच लिहिलं. पुन्हा चूक. सूत्र बरोबर आहे याची तिला इतकी खात्री होती की ती तेच लिहीत राहिली. मला तोंड उघडता येईना, मॅनेजर तिच्या डोक्यावर उभा होता.

“कहाँ सीखा?”

“टेमघरला. विहारात.”

“कौनसा ऑफिस?”

तिनं नाव सांगितलं. मॅनेजर माझ्याकडे बघून हसला. “पाटीलभाई, ये फोकटवाला सीख के आयी है.”

ती जागा नाक्यावरच्या क्लासमधून आलेल्या दुसऱ्या मुलीला मिळाली. ज्या ऑफिसचा एकही पैसा कुणी कंपनीला दिला नव्हता, ते येत नाही म्हणून सुषमा नापास झाली. गेटपर्यंत मी तिच्याबरोबर गेलो. ती रडली नाही. एवढंच म्हणाली, “काका, सरांना सांगू नका, अर्धविरामामुळं झालं म्हणून. त्यांना वाटंल, त्यांचं चुकलं.”

पण वस्तीत बातमी पोचायला कितीसा वेळ लागतो? महिनाभरात वर्गातल्या मुली गळायला लागल्या. कुणी नाक्यावरच्या क्लासला गेली, कुणाला घरच्यांनी शिवलेल्या कपड्यांना बटणं लावायच्या कामाला बसवलं. सुषमाच्या वडलांनी तिचं लग्न उरकायची भाषा काढली. रविवारी सरांना लोक तोंडावर म्हणायला लागले, “सर, तुमचं तत्त्व तुमच्यापाशी. आमच्या पोरींचं काय?”

सर ठाण्याला जाऊन विकतच्या ऑफिसची चौकशी करून आले. सगळ्या मशीनांना घ्यायचं तर विहाराच्या गळक्या छपरासाठी जमवलेले पैसे घालूनही पुरलं नसतं. एका दुपारी ते माझ्या दुकानात आले आणि गिऱ्हाईक जाईपर्यंत बाकावर बसून राहिले.

“पाटील, ती तुमची सीडी आणा.”

मला वाटलं होतं, कधीतरी सर हे म्हणतील आणि मी म्हणेन, बघा, मी सांगत नव्हतो? पण ते ऐकलं आणि मला आतून वाईट वाटलं. मी म्हटलं, “सर, थांबा थोडं. दुसरीकडे जागा निघेल.”

“तिचं लग्न ठरवतायत, पाटील. मी तिच्या बापाला शब्द दिलाय.”

विहारात मात्र त्यांनी सीडी घालू दिली नाही. “इथं नको. आधी मशीनं माझ्या घरी हलवू.” म्हणून टेम्पो करून आम्ही सगळा वर्ग सरांच्या पुढच्या खोलीत नेला. खाट आतल्या खोलीत गेली, खोलीत टेबलं लागली, वायरी खिडकीच्या गजांना बांधल्या. मी पहिल्या मशीनला सीडी लावली.

विकतचं ऑफिस घालताना मध्येच एक लांबलचक करारपत्र येतं. खाली चौकोन असतो, ‘मला मान्य आहे’. मी तो आजवर इतक्या वेळा दाबलाय की वरचा मजकूर कधी पाहिलासुद्धा नव्हता. सर म्हणाले, “थांबा, वाचू द्या.” आणि वाचत बसले. संथपणे, शेवटपर्यंत. ते करारपत्र पुरं वाचणारा माणूस मी तो एकच पाहिला.

मग म्हणाले, “सरका जरा. हे माझ्या हातानं होऊ द्या.”

“सर, मी करतो की. माझं रोजचंच आहे.”

“नको. उद्या कुणी विचारलं तर घेतलं मी. मुलींनी फक्त शिकलं. त्यांच्या अंगाला काही लागायला नको.”

प्रत्येक मशीनवर तो चौकोन त्यांनी स्वतः दाबला. मी नुसता किल्ली सांगत होतो.

पुढच्या रविवारी मी विहारात गेलो तर शील सांगायला दुसरेच गृहस्थ बसलेले. सर मागे, माझ्यापासून जरा अंतरावर, भिंतीपाशी हात जोडून बसले होते. पहिलं शील त्यांनी सगळ्यांबरोबर म्हटलं. दुसरं आलं तेव्हा त्यांचे ओठ मिटलेले होते. तिसऱ्याला पुन्हा हलले. कुणाच्या लक्षात आलं नसेल, सगळे डोळे मिटून होते. मी मात्र पाहिलं, आणि पलीकडे बायकांत बसलेल्या सुषमानंही पाहिलं. आमची नजरानजर झाली तशी तिनं मान खाली घातली.

सुषमा नवं ऑफिस झपाट्यानं शिकली. पावसाळा सरायच्या आत तिला पूर्ण्याच्याच दुसऱ्या एका गोदामात नोकरी लागली. लग्नाची बोलणी थांबली. वडील पेढे घेऊन सरांकडे आले, “सर, सबूद राखलात,” म्हणाले आणि पायाच पडायला लागले. सरांनी त्यांना उठवलं. तिच्यामागून आणखी मुली लागल्या. पुढची खोली भरून गेली, चपलांचा ढीग रस्त्यापर्यंत यायला लागला. सर मन लावून शिकवायचे. फक्त कुणी वर्गाचं कौतुक केलं की विषय बदलायचे. आणि रविवारी दुसऱ्या शीलाला गप्प राहायचे.

असा काही काळ गेला. मग गोदामवाल्या कंपन्यांत एकाएकी धावपळ सुरू झाली. चोरीची सॉफ्टवेअर सापडली तर मोठा दंड होतो, अशी हवा उठली. वरून हुकूम आले, बिनपरवान्याचं सगळं काढा, साहेबांच्या मशीनला विकतचं घ्या आणि ऑपरेटरांना फुकटवालं चालेल. ज्या लोकांनी मला उभं करून ओरिजिनल मागितलं होतं, तेच आता म्हणायला लागले, “पाटीलभाई, वो फोकटवाला है ना, वही डाल दो.” मी गोदामागून गोदाम तेच करत सुटलो. सुषमाच्या गोदामात तर ते कुणालाच येत नव्हतं, तिच्याशिवाय. सूत्रात अर्धविराम टाका, हे ती साहेबाला शिकवत होती. साहेबानं तिला ऑपरेटरांची प्रमुख केली.

मी तसाच मोटारसायकलवरून सरांकडे गेलो. आनंदानं मला धड बोलता येत नव्हतं. सगळं सांगितलं. म्हटलं, “सर, तुमचंच खरं ठरलं. आता त्यांनाच आपलं ऑफिस पाहिजे.”

सरांनी शांतपणे ऐकून घेतलं. “म्हणजे मुलींचं आता याच्यावाचून अडणार नाही?”

“नाही अडणार.”

“मग काढा ते. आत्ता.”

दुपारभर बसून मी एकेक मशीन साफ केलं आणि मासिकाच्या सीडीवरचं ऑफिस पुन्हा घातलं. सर प्रत्येक मशीनपाशी उभे राहून, ते गेल्याची खात्री करत होते. मशीनं परत विहारात न्यायचंही त्या दिवशीच ठरलं.

त्या रविवारी मी लवकर गेलो. मुद्दामच. सुषमाही सुट्टी काढून आली होती. सर मागेच बसले. पहिलं शील झालं. दुसरं सुरू झालं तसं मी उघड उघड मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं.

ओठ मिटलेलेच होते.

बाहेर चपला घालताना मला राहवलं नाही. “सर, आता तर काढलं ना? आता का नाही म्हणालात?”

“काढलं,” सर म्हणाले. “पण घेतलं होतं ना, पाटील. त्यावर मुली शिकल्या, पगारावर लागल्या. ते कसं परत करू?”

“पण त्यांचं भलंच झालं की!”

“झालं. म्हणून तर पुन्हा वेळ आली तर पुन्हा घेईन. तेच मनात असताना, घेणार नाही असं कोणत्या तोंडानं म्हणू?”

भिवंडीभर किल्ल्या वाटत फिरलेल्या मला कधी झोप लागली नाही असं झालेलं नाही. आणि हा माणूस, ज्यानं स्वतःसाठी एक पत्रसुद्धा त्या ऑफिसवर टाइप केलं नाही, तो त्यासाठी आयुष्यभर स्वतःला मागच्या रांगेत बसवत राहिला. मला त्यांचा राग यायचा. आता नुसतं भरून येतं.

सर गेले तेव्हा विहारासमोरची गल्ली माणसांनी भरली होती. त्यांच्या हाताखालून गेलेल्या मुली आल्या होत्या, कुणी गोदामाचं ओळखपत्र गळ्यात तसंच ठेवून ड्युटीवरून आलेली. सुषमा माझ्या पुढेच उभी होती, बरोबर नवरा आणि लहान मुलगी. विहाराच्या अंगणात सरांना ठेवलं होतं. पांढऱ्या शर्टाची वरची गुंडी लावलेली होती.

पंचशील सुरू झालं. सगळी गल्ली म्हणत होती. दुसरं शील आलं. सुषमाच्या मुलीनं ते शाळेत कविता म्हणावी तसं मोठ्यानं म्हटलं आणि आई का म्हणत नाही म्हणून वर पाहिलं. सुषमानं हात जोडलेले होते, डोळे वाहत होते. तोंड मात्र घट्ट मिटलेलं होतं.

मुलींच्या अंगाला काही लागू नये म्हणून सरांनी तो चौकोन स्वतःच्या हातानं दाबला होता.